दहा कापून

१

“साहेबांच्या टेपला झटका द्यायचा न्हाय. कधीच न्हाय. आणि का म्हणून इचारायचं न्हाय.”

नोकरीच्या पहिल्या दिवशी आकाराम मिस्त्रींनी मला सांगितलेला हा नियम. मी अर्थातच विचारलं, “का?”

“आत्ता काय सांगितलं?”

“मग माप झाल्यावर टेप परत कशी घ्यायची?”

“गुंडाळत गुंडाळत फुडं जायाचं. हातभर ऱ्हायली की पाठ फिरवायची आणि उरलेली गुंडाळायची. त्या टोकाला बघायचं न्हाय.”

“मामा, ही काय पद्धत झाली?”

“मी तुझ्या बाच्या वयाचा हाय.”

वय हेच उत्तर असतं, तर रंकाळ्याकाठचं प्रत्येक झाड इंजिनिअर झालं असतं. हे मी मनात म्हटलं नाही, तोंडावर म्हटलं. लहानपणापासून माझ्या बोलण्यावर हसणारे मिस्त्री त्या दिवशी हसले नाहीत.

टेपनं माप घ्यायला दोन माणसं लागतात. एक जण टेपचं टोक भिंतीला धरतो, दुसरा रीळ घेऊन लांब जातो आणि आकडा वाचतो. मोठ्या इमारतीत दोघं एकमेकांना दिसत नाहीत, म्हणून खुणा ठरलेल्या असतात. रीळवाला विचारतो, “धरलं?” आकडा वाचून झाला की टेपला दोन झटके देतो. पलीकडचा एक झटका परत देतो, म्हणजे ऐकलं, आणि मगच सोडतो. हे मला आर्किटेक्चरच्या पाच वर्षांत कुणी शिकवलं नाही. बाबांनी शिकवलं, मी सातवीत असताना, गडमुडशिंगीतल्या आमच्या अंगणात. मी नेहमी झटके द्यायला विसरायचे. मग बाबा गोठ्याच्या कोपऱ्याला टेप धरून तसेच उभे राहायचे. आई जेवायला हाका मारायची तरी हलायचे नाहीत.

माझे बाबा, नागसेन, बावीस वर्षं साहेबांचं टेपचं टोक धरत होते. साहेब म्हणजे कृष्णात इंगवले. राजारामपुरीतल्या ऑफिसबाहेर त्यांची पितळी पाटी आहे, ‘आर्किटेक्ट व बांधकाम सल्लागार’. अडतीस वर्षं झाली. शाळा, दवाखाने, दूध संस्थांच्या इमारती, आजऱ्यातले काजूचे कारखाने. जिल्ह्यात कुठंही जा, कुणीतरी भिंतीवर थाप मारून सांगतं, ही साहेबांची.

पाच वर्षांपूर्वी आजऱ्याकडच्या एका गावात साहेबांनी आखलेल्या सभागृहाचं काम चालू होतं. पोर्चचा स्लॅब कोसळला. त्याखाली बाबा होते. पाण्याची बाटली विसरली म्हणून आणायला गेले होते, असं आम्हाला सांगण्यात आलं. मी तेव्हा तिसऱ्या वर्षाला होते. त्या बाटलीवर मी पाच वर्षं चिडून आहे. एवढी वर्षं साइटवर काढलेला माणूस एका बाटलीसाठी नव्या स्लॅबखाली जातो?

पुण्यातली नोकरी सोडून आईसाठी परत आले, तेव्हा साहेबांनी बोलावून घेतलं. बाबांच्या खुर्चीवर बस, म्हणाले.

२

पहिलं काम शाहूवाडीकडचं होतं. एका जुन्या भातगिरणीवर मालकाला मजला चढवायचा होता. भिंती तो भार घेतील का, हे साहेबांनी सांगायचं होतं.

गिरणी बंद पडून बरीच वर्षं झाली होती. आत तुसाचा वास, आणि एकामागं एक अशा तीन खोल्या. दारं एका रेषेत, शेवटच्या खोलीत काळोख. साहेब रीळ घेऊन बाहेर ओसरीत थांबले. टेप लोंबू नये म्हणून मी मधल्या दारात ती तळहातावर तोलून धरली. तिचं टोक आत काळोखात गेलेलं.

“धरलं?” साहेबांनी आवाज दिला.

उत्तर आलं नाही, पण टेप ताणली गेली.

“चौदा बहात्तर. दहा कापून चौदा बासष्ट. लिही.”

मी लिहीत होते तेवढ्यात माझ्या मागून, ओसरीच्या बाजूनं, आकाराम मिस्त्री चहाचे कप घेऊन आले.

“घे पोरी, गार हुईल.”

मी कप घेतला. दुसऱ्या हातावर टेप तशीच ताठ होती. अगदी बारीक थरथरत होती.

“मामा, तुम्ही इथं. मग आत कोण आहे?”

“खिळ्याला अडकीवलीया,” ते म्हणाले. माझ्याकडं न बघता.

काम संपल्यावर फोटो काढायचं निमित्त करून मी आत गेले. मोबाइलच्या उजेडात शेवटची भिंत पाहिली. गुळगुळीत सिमेंटचा गिलावा होता. खिळा नव्हता. मिस्त्रींनी जाताना उपटला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. भोक कुठं आहे, हे मात्र विचारलं नाही.

३

दहा का कापायचे, हा प्रश्न मला नंतर पडला.

बाबांच्या वेळच्या टेपच्या टोकाची कडी तुटली होती. टोक नीट धरता यायचं नाही, म्हणून बाबा दहा सेंटिमीटरच्या खुणेवर अंगठा दाबून ती खूण भिंतीला लावायचे आणि ओरडायचे, “दहा कापा!” मग साहेब आलेल्या आकड्यातून दहा वजा करायचे. साइटवरच्या जुन्या वह्यांत पानोपानी तेच आहे. ‘दहा कापून’, ‘दहा कापून’.

पण ती टेप बाबांबरोबर स्लॅबखाली गेली. आताची टेप नवी आहे. तिची कडी शाबूत आहे. ती खिळ्याला अडकवली तर माप शून्यापासून येणार. कापायचं काही कारणच नाही.

मी पाच वर्षांच्या वह्या काढून बसले. बाबा गेले त्या तारखेनंतर पंधरा दिवस पानं कोरी. त्यानंतर साहेबांचं तेच बारीक, तिरकं अक्षर. ‘दहा कापून’. आजतागायत.

मला वाटलं, म्हातारा सवयीनं चूक करतोय. अडतीस वर्षांचा अनुभव आणि प्रत्येक माप दहा सेंटिमीटरनं आखूड! मी माझा लेझर मीटर घेऊन शाहूवाडीला परत गेले. मापाला एक बटण दाबायचं, दुसरा माणूस लागत नाही. गिरणीची लांबी पुन्हा घेतली.

चौदा बासष्ट.

साहेबांचा आकडा बरोबर होता. म्हणजे त्या दिवशी टेप खरोखरच दहाच्या खुणेवर धरली गेली होती.

मी गिरणीच्या मधल्या दारात बराच वेळ उभी राहिले. आमच्या घरात भुताखेतांना थारा नाही. बाबांनी आयुष्यात साइटवर नारळ फोडू दिला नाही. लोकांना सांगायचे, सिमेंट-पाण्याचं प्रमाण बघा, नारळ काय बघता. त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या सभेला मीच उभी राहून बोलले होते, की माणूस जातो तो पूर्ण जातो, मागे त्याचं काम राहतं. टाळ्या पडल्या होत्या.

४

एका रविवारी दुपारी मी ऑफिस उघडलं. कुणी नव्हतं. लांबट खोली, नकाशांची कपाटं, आणि टोकाला जुन्या ब्लूप्रिंट छपाईच्या खोलीचं दार. आत अजून अमोनियाचा वास येतो.

टेपचं टोक मी त्या दारातून आत फरशीवर सरकवलं आणि रीळ घेऊन रस्त्याकडच्या खिडकीपाशी आले. टेप फरशीवर सैल पडली होती. बाहेर कुणीतरी गाडी धूत होतं. पाण्याचा आवाज येत होता. मला स्वतःचंच हसू आलं.

मी म्हटलं, “धरलं?”

टेप फरशीवरून उचलली गेली.

सावकाश उचलली गेली, मधलं पोट आधी, मग सगळी. माझ्या कमरेच्या उंचीवर येऊन ताठ झाली. आणि मग ती थरथर. बाबांचा उजवा हात थरथरायचा. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, ते घ्यायचे नाहीत. टेप धरली की ती थरथर माझ्यापर्यंत यायची आणि मी ओरडायचे, बाबा, नीट धरा, आकडा हलतोय!

तेव्हा मी काय केलं ते लिहिते. ज्या नियमावर मी दोन महिने तोंडसुख घेतलं, तोच पाळला. दाराकडं पाहिलं नाही. झटका दिला नाही. अर्धा तास रीळ धरून उभी राहिले, कारण सोडलं तर ती थरथर थांबणार होती.

मग गुंडाळत गुंडाळत दारापाशी गेले आणि हातभर उरल्यावर पाठ फिरवली.

घरी आले तेव्हा आई भाकरी थापत होती. मी हात धुवायला वळले. तिनं माझ्या हाताकडं पाहिलं. रीळ घट्ट धरून तळव्यावर वळ उठले होते. तिचा हात पिठात थांबला.

“झटका दिला न्हाईस न्हवं?” आई म्हणाली.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साहेबांसमोर वह्या आपटल्या. मिस्त्रीही तिथंच होते.

“आईला कसं माहीत? दरवर्षी ती बाबा गेले त्या दिवशी आजऱ्याकडच्या विहारात जाते म्हणून सांगते. कुठं नेता तिला?”

“बस आधी,” साहेब म्हणाले.

“मी बसायला आले नाही.”

त्यांनी चष्मा काढला. डोळे अलीकडं फारच अधू झाले आहेत त्यांचे. “बाटली नव्हती,” ते म्हणाले.

“काय?”

“नागसेन बाटली आणायला गेला नव्हता. मीच उभा केला होता त्याला तिथं. गावाला उद्घाटनाची तारीख गाठायची होती. पोर्चचे टेकू आणखी दहा दिवस ठेवायला हवे होते. आकाराम म्हणाला काढू या, मी म्हणालो काढ. सगळ्या आयुष्यात एकदा म्हणालो.”

मिस्त्री जमिनीकडं बघत होते.

“शेवटचं माप राहिलं होतं. तो पलीकडच्या खांबापाशी, मी रीळ घेऊन बाहेर. वरून आवाज आला. सुपारी फोडल्यासारखा. त्यालाही ऐकू आला. त्यानं विचारलं, साहेब, सोडू काय? मी म्हणालो, थांब. एक मिनिट. आकडा वाचतोय.”

“आणि ते थांबले.”

“तुझा बाप झटका मिळाल्याशिवाय सोडत नसे.”

माझ्या डोळ्यांपुढं गोठ्याचा कोपरा आला. पाच वर्षं मी त्या माणसाला मनात बेफिकीर म्हणत होते.

“पुढं पंधरा दिवसांनी एका घराचं माप घ्यायचं होतं,” साहेब म्हणाले. “मी एकटाच गेलतो. सवयीनं म्हणालो, धरलं? आणि टेप ताणली.”

“तेव्हाच झटका का नाही दिला?”

“मला त्याला काही सांगायचं होतं. दर वेळी वाटतं, आज सांगीन, मग सोडीन. तोंडातनं शब्द निघत नाही. आकडा तेवढा निघतो.” त्यांनी चष्मा पुसला, परत घातला नाही. “मी आता थांबतोय, दीप्ती. त्या सभागृहाचं काम परत सुरू करायचंय गावाला. ते माप तू घे. त्यानंतर पाटीवर तुझं नाव लावू. ऑफिस तुझं. नियम तेवढा सांभाळ. दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ मी त्याला?”

  मला त्या थरथरीची ओढ लागली होती. आदल्या रात्री मी तळहात उशाखाली दाबून झोपले होते.

६

आम्ही चौघं गेलो. साहेब, मिस्त्री, आई आणि मी. सकाळचे अकरा वाजले होते. लख्ख ऊन पडलं होतं. सभागृहाच्या भिंती उभ्या होत्या, खिडक्यांतून गवत वर आलं होतं. पोर्चचा मलबा कधीच उचलला गेला होता. समोर फक्त खांब राहिले होते, डोक्यावर गंजलेल्या सळ्या घेऊन, आणि त्यांच्यावर मोकळं आभाळ.

मिस्त्रींनी टेपचं टोक पलीकडच्या खांबाजवळ ठेवलं आणि माझ्याशेजारी येऊन वही उघडली. साहेब मागं उभे राहिले. आई माझ्या डाव्या बाजूला.

“म्हण,” साहेब म्हणाले.

“धरलं?”

धुळीतून टेप उठली. ताठ झाली.

आईनं दोन बोटं तिच्यावर ठेवली, नाडी बघावी तशी. “बघ, हात अजून थरथरतोय त्यांचा. गोळ्या कधी वेळंवर घेतल्याच न्हाईत.” ती हसत होती. पाच वर्षांत मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

मी आकडा बघायला वाकले आणि तेवढ्यात वरून आवाज आला. सुपारी फोडल्यासारखा. एकदाच.

वर स्लॅब नव्हता. आभाळ होतं.

मी दचकले. बाकी कुणी दचकलं नाही.

“घाबरू नगंस,” आई म्हणाली. “हितं आलं की येतोय तेवढा आवाज.”

“दर वर्षी?”

“दर वर्षी.”

मी टेपच्या टोकाकडं पाहिलं. नियम मोडायचा असं काही ठरवलं नव्हतं. मान आपोआप वळली.

खांब नऊ इंची. त्याच्यामागं माणूस मावत नाही. पण खांबाच्या कडेवर एक अंगठा होता. सिमेंटनं पांढरा झालेला. टेपच्या दहाच्या खुणेवर दाबलेला, इतका घट्ट की नखाखालचं रक्त सरकलं होतं. मी तो अंगठा ओळखते. आमच्या अंगणातल्या टेपवर तो असा कधीच दाबलेला नसायचा. तिथं बाबा आरामात उभे असायचे. असं घट्ट कोण धरतं? ज्याला वरचा आवाज ऐकू आलाय आणि जायची परवानगी नाही, तो.

मग मला कळलं. हात गोळ्यांवाचून थरथरत नव्हता.

आमच्यासाठी पाच वर्षं गेली होती. त्यांच्यासाठी अजून तेच एक मिनिट चालू होतं. आम्ही टेप ताणली की ते पुन्हा त्या स्लॅबखाली उभे राहत होते. शाहूवाडीच्या गिरणीत, ऑफिसात, रविवारी दुपारी अर्धा तास माझ्यासाठी. आणि आम्ही तिघं-चौघं त्यांची भीती बोटांनी चाचपून बघत होतो आणि म्हणत होतो, आहेत अजून.

“तुम्ही त्यांना इथं उभं करता,” मी म्हटलं. “दर वर्षी. तो आवाज ऐकत.”

“पोरी, बघू नगंस तिकडं,” मिस्त्री म्हणाले. “सांगितलंया न्हवं तुला…”

“सांगितलंय. का ते सांगितलं नव्हतं.”

मी रीळ दोन्ही हातांत घेतलं. आईनं टेप मुठीत पकडली.

“दीपे, नगं. एवढंच तर हाय माझ्याकडं.”

“आई, सोड.”

“तुझं काय जातंय? आकडा वाच आणि गुंडाळ. म्हाताऱ्या माणसांचं एवढं ऐकलंस तर…”

“ते घाबरलेत, आई. तू हात लावून बघतीस आणि तुला कळत नाही?”

तिची मूठ सैल झाली. पूर्ण सुटली नाही.

मागून साहेबांचा आवाज आला, मोठा, साइटवरचा. “दीप्ती, थांब! एक मिनिट.”

मी वळून त्यांच्याकडं पाहिलं. शब्द तोंडातून निघून गेला होता. तो त्यांचा त्यांनाच ऐकू आला. चेहरा राखेसारखा झाला.

मी झटका दिला. एक.

आणि दुसरा.

काही झालं नाही. वारा नव्हता. टेप ताठ होती. मला वाटलं, उशीर झाला, आता त्यांना खूण आठवत नसेल. अंगठा तसाच होता. मी सातवीतल्या मुलीसारखी ओरडले, “बाबा, झालं माप!”

तेव्हा परत आला. एक झटका. हलकासा.

ऐकलं.

टेप खाली पडली. सैल, लांबच्या लांब, धुळीत. आईचा हात हवेत तसाच राहिला, मूठ अर्धी उघडी. खांबाच्या कडेवर काही नव्हतं. मी रीळ फिरवत राहिले आणि टोक जमिनीवर घासत, खडखड करत, कुठंही न अडकता माझ्यापर्यंत आलं. नवी कोरी कडी. तिला धरून कधी कुणी माप घेतलेलंच नव्हतं.

मला रडायचं होतं, पण आई आधी खाली बसली.

मिस्त्रींच्या हातात वही होती. पेन्सिल कागदावर टेकलेली. त्यांना दुसरं काय करावं ते सुचलं नसावं.

“किती लिहू?” ते म्हणाले. “दहा कापून किती?”

“नाही,” मी म्हटलं. “दहा कापायचे नाहीत. आता कुणी धरलेलं नाही, आणि मी कुणाला धरायला लावणार नाही. ऑफिस द्या नाहीतर देऊ नका.”

मिस्त्रींनी साहेबांकडं पाहिलं. साहेबांनी आईकडं पाहिलं. आई उठली, पदराची धूळ झटकली.